देवळात नसलेली तलवार

माझ्या गावाच्या गावकीने मला फसवलं. पोलिसांनी नाही, वकिलाने नाही, कोर्टाने तर नाहीच नाही. ज्या पाच माणसांनी देवळात बसून देवीची तलवार माझ्या हातात दिली, त्याच पाच जणांनी नंतर पोलिसांना जबाब लिहून दिला की आमच्या देवळात तलवार कधी नव्हतीच. आज ती तलवार पेणच्या कोर्टात मुद्देमाल म्हणून पडून आहे. कागदोपत्री ती माझी आहे आणि शस्त्र कायद्याखाली आरोपीही मी एकटाच आहे.

मी रंगकामाचा ठेकेदार आहे. रोह्याच्या कंपन्यांमध्ये टाक्या, पाइप, शेडचे पत्रे, चिमण्या रंगवायची कामं घेतो. सुरुवात केली तेव्हा स्वतः दोरीला लटकून ब्रश मारायचो. नंतर चार माणसं ठेवली, मग दहा. शाळा नववीपर्यंत. जे काही शिकलो ते भाव करण्यात शिकलो. समोरचा माणूस पहिला आकडा बोलायच्या आधी किती वेळ गप्प बसतो, यावरून तो कुठे येऊन थांबणार हे मला कळतं. या एका कलेवर मी घर बांधलं. रागीट आहे हेही मान्य करतो. पण धंद्यात माझा राग लोकांना चालतो, कारण बोललेलं काम मी दिलेल्या दिवशी पुरं करतो.

आमचं गाव कोलाडपासून आत आहे. भातशेती, थंडीत वाल, बाकी सगळी पोरं कंपनीत शिफ्टला. गावात आमचं घर उपरं. आजोबा दुसऱ्या गावाहून इथे गडी म्हणून आले आणि राहिले. त्यामुळे पालखीला खांदा देण्याचा, निशाण धरण्याचा, तलवार मिरवण्याचा, कसलाच मान आमच्या घराकडे नाही. माझ्या वडिलांनी शिमग्याची पालखी आयुष्यभर पायरीखालून बघितली. मी सभामंडपाला फरशी घालून दिली तेव्हा पहिल्यांदा मला वर बसायला बोलावलं. बसलो मी. आवडलं मला ते. खोटं कशाला सांगू.

गावकी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. ग्रामपंचायतीचे निर्णय वेगळे आणि देवळातल्या बैठकीचे वेगळे. देवळातल्या बैठकीला आम्ही गावकी म्हणतो. तिथे काही लिहीत नाहीत. प्रमुख बोलतो, चार जाणती माणसं मान हलवतात, नारळ फुटतो, संपलं. कोणाच्या बांधाचं भांडण असो की कोणाचं लग्न, त्या नारळानंतर कोणी मागे फिरत नाही. मला तरी तसंच वाटत होतं. कंपनीतल्या कामाचा एक-एक कागद मी तीन-तीनदा वाचतो, वर्क ऑर्डरवर शिक्का नसेल तर मी डबासुद्धा उघडत नाही. पण देवळात माझ्या मनात आलंच नाही की एखादी चिठ्ठी मागावी. देवळात कोण कागद मागतं?

तलवार जुनी होती. गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवी ठेवलेली असायची. शिमग्यात पालखीपुढे एक मानकरी ती उभी धरून चालायचा. एका वर्षी मिरवणुकीत मूठ सुटली आणि पातं त्याच्या पायाजवळ पडलं. अपशकुन झाला म्हणून बायका रडल्या. म्हणून पुढच्या वर्षी होळीच्या आधी पंधरा दिवस गावकी बसली.

प्रमुख म्हणजे आमचे काका. नात्याने नाहीत, पण सगळा गाव त्यांना काका म्हणतो. पांढरी टोपी, हळू आवाज. ते म्हणाले, "मूठ पक्की करून आणायला पाहिजे. पेणला चांगला लोहार हाय. कोण जातो?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तुझी गाडी दर आठवड्याला पेणला जाते ना रे, रंग आणायला?"

"जाते."

"मग तू ने. देवी तुझ्याकडनं सेवा करून घेतेय असं समज."

मागून कोणीतरी बोललं, "उपऱ्याच्या हातात तलवार? देवी पावली म्हणायची!" सगळे हसले. मीही हसलो. काकांनी तलवार खिळ्यांवरून उतरवली, कपाळाला लावली आणि माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. वर नारळ दिला. माझ्या बापाने ती कधी हात लावून बघितली नव्हती.

पेणच्या बाजाराच्या मागे लोहाराचं दुकान आहे. गणपतीच्या कारखान्यांतल्या कोरण्या, पटाशा, विळे, कोयते सगळे त्याच्याकडे येतात. मी गोणपाट उघडलं तसे त्याने हात पुसले.

"ही देवाची दिसते."

"देवीची. मूठ पक्की कर, गंज काढ."

त्याने भाव सांगितला. मी निम्मा सांगितला.

"शेठ, देवीच्या कामात पण घासाघीस?"

"देवीचं हाय म्हणूनच निम्म्यात कर. तुला पुण्य नको का?"

"पुण्यावर कोळसा येत नाय."

माणूस पक्का होता. एक रुपया खाली येईना. मला असा माणूस भेटला की चैन पडत नाही. पैसे कमी होत नसतील तर त्याच पैशात काहीतरी जास्त घ्यायचं, ही माझी सवय आहे. मी म्हटलं, "बरं, तुझा भाव तुला. पण मग धार पण लावून दे."

त्याने माझ्याकडे बघितलं. "धार कशाला? पूजेची ना? बघा, बोट फिरवा. कित्येक वर्षांत हिला धार लागलेली नाय."

"तलवार हाय की कालथा? धार लाव."

"तुम्ही काय रिकाम्या हाताने जाणार नाय," असं म्हणून तो हसला आणि त्याने पातं दगडावर धरलं. तासाभराने त्याने वर्तमानपत्राचा कागद उभा धरला आणि तलवारीने अलगद दोन तुकडे केले. मी खूश झालो. फुकटात मिळालं म्हणून खूश झालो. गावात जाऊन सांगेन की बघा, नुसती मूठ नाही, धारही करून आणली, असं मनाशी बोलत मी गाडी काढली.

पुढे जे काही झालं ते या धारेमुळे झालं. ती लावायला गावकीने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. हे मी लपवत नाही, पण पहिल्या ओळीत जे लिहिलं आहे तेही बदलत नाही.

वडखळच्या अलीकडे नाकाबंदी होती. होळीमुळे जिल्ह्यात हत्यारं बाळगायला मनाई आदेश लागला होता. मला त्याची काही खबर नव्हती. पोलिसांनी पिकअप बाजूला घ्यायला लावली. रंगाचे डबे, दोऱ्या, ब्रश आणि सीटमागे गोणपाट.

हवालदाराने विचारलं, "यात काय?"

"तलवार."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. "कसली तलवार?"

"लोखंडाची."

इथे मी चूक केली. सरळ उत्तर देता आलं असतं. पण तीन वाजले होते, ऊन होतं, मागे गाड्यांचे हॉर्न चालले होते आणि माझी जीभ अशीच आहे. त्याने गोणपाट उघडलं, पातं उन्हात चमकलं आणि तो दोन पावलं मागे सरकला.

मला पोलिस ठाण्यात नेलं. तिथले साहेब शांत होते. त्यांच्याबद्दल मला वाईट बोलता येणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देवस्थानचं पत्र आणा आणि विश्वस्तांपैकी एक जण इथे हजर करा. तलवार देवळाची आहे, दुरुस्तीला पाठवली होती, एवढं लिहून दिलं तर मी वरिष्ठांशी बोलतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

गावकीतले ते पाच जणच कागदावर देवळाचे विश्वस्त, म्हणून मी काकांना फोन लावला. "काका, असं असं झालंय. तुम्ही फक्त या. सही करायची, बाकी काही नाय."

"अरे बापरे. निघालोच मी. गाडी बघतो कोणाची."

पाऊण तासाने परत लावला. "कोलाडला आलोय. लय गर्दी हाय रस्त्याला."

साहेबांनी मला चहा पाजला. मी बाकावर बसून दाराकडे बघत होतो. आणखी तासाभराने फोन लावला तर बंद. दुसऱ्या विश्वस्ताला लावला, त्याच्या बायकोने उचलला. "ते शेतावर गेलेत." तिसऱ्याचा वाजत राहिला. नंतर मला कळलं की काका त्या दिवशी गावाच्या वेशीबाहेरही पडले नव्हते. कोलाडची गर्दी त्यांनी देवळात बसून बघितली होती.

अंधार पडायला आला तेव्हा साहेब म्हणाले, "तुमचं कोणी येत नाही. मला आता नोंद करावीच लागेल."

माझा तोल गेला. मी टेबलावर हात आपटला. मी ठेकेदार आहे, चोर नाही, तुम्ही मला ओळखत नाही, असं बरंच काही ओरडलो. साहेबांच्या चेहऱ्यावरची ओळख त्या क्षणी पुसली गेली. तोपर्यंत मी त्यांच्यासाठी अडचणीत सापडलेला माणूस होतो, तिथून पुढे आरोपी झालो. बाहेरच्या चहाच्या टपरीवरून दोन माणसं पंच म्हणून आणली. टेपने पात्याची लांबी, रुंदी मोजली. हवालदार बोलत होता, दुसरा लिहीत होता. "एका बाजूस धारदार."

मी रागात म्हणालो, "आजच लावलीय धार. पेणच्या लोहाराकडनं. नवीन हाय."

लिहिणारा थांबला, माझ्याकडे बघितलं आणि परत लिहू लागला. दोन दिवसांनी पोलिस त्या लोहाराच्या दुकानात जाऊन त्याचा जबाब घेऊन आले.

ती रात्र कोठडीत गेली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी पेणच्या कोर्टात नेलं. मी कंपन्यांच्या मोठमोठ्या साहेबांसमोर खुर्ची ओढून बसलेला माणूस, तिथे हात मागे बांधून उभा होतो. हातात बेड्या नव्हत्या, पण हात आपोआप मागे गेले. न्यायाधीश बाई होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी विचारलं, "पोलिसांनी मारहाण केली का?" मी नाही म्हटलं. मला अजून बरंच बोलायचं होतं, पण त्यांनी पुढचा कागद घेतला होता. माझी सगळी हकिगत, देऊळ, काका, मूठ, त्या एका प्रश्नात मावली नाही. शिपायाने मला खांद्याला धरून बाजूला केलं.

जामीन झाला. जामीनदार म्हणून माझा मेहुणा सातबारा घेऊन आला. गावातून कोणी आलं नाही. वकीलबाई मेहुण्यानेच बघून दिल्या. तरुण, कमी बोलणाऱ्या. बाहेर आल्यावर त्यांनी जामिनाच्या अटी वाचून दाखवल्या. तारखेला हजर राहायचं. जिल्हा सोडायचा नाही. साक्षीदारांना भेटायचं नाही, धमकावायचं नाही, त्यांच्यावर दबाव आणायचा नाही. मी मान हलवली. त्या वेळी मला वाटलं, साक्षीदार म्हणजे ते टपरीवरचे दोघे.

घरी आलो तर बायको दारातच उभी होती. आत येऊ न देता म्हणाली, "अवो, मी देवळात गेलेले."

"मग?"

"खिळे नायत."

"कसले खिळे?"

"तलवारीचे. दोन्ही उपसलेत. भोकांत सिमेंट घातलाय, वरनं चुना मारलाय. अजून ओला हाय, बोट लावलं मी."

तिने उजव्या हाताचं बोट दाखवलं. त्याला खरंच चुना लागला होता. मी रंगारी माणूस. ओला चुना कधी मारला असेल ते मला लगेच कळतं. आदल्या दिवशीचा होता तो.

मी तसाच काकांच्या पडवीत गेलो. तेव्हा मला माहीत नव्हतं की असं जाणं हीसुद्धा चूक ठरू शकते. काका सुपारी कातरत बसले होते. मी ओरडणार होतो. ते आधीच बोलले, तेही हळू आवाजात.

"बस. पाणी घे. मला माहिती हाय तू काय विचारणार. हे बघ, देवळाचा ट्रस्ट झालाय. धर्मादाय ऑफिसच्या कागदात सगळ्या वस्तूंची यादी हाय. समई हाय, घंटा हाय, पालखी हाय, चांदीचा टोप हाय. तलवार नाय. यादी केली तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाय. आता आम्ही व्हय म्हटलं की पाच जण अडकणार. बिनपरवाना हत्यार ट्रस्टने ठेवलं म्हणून. त्यापेक्षा एक जण अडकलेला बरा की नाय?"

"आणि तो एक जण मी?"

"तुला वकील परवडतो. आमच्यातल्या कोणाला परवडतो सांग. आणि तू सुटशील रे. तुझी जीभ केवढी! त्या टाकीवाल्या कंपनीला तू घाम फोडतोस, कोर्टाचं काय घेऊन बसलास."

"काका, तुम्ही माझ्या हातात दिली ती."

"मूठ दुरुस्त करायला दिली." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "धार लावायला कोणी सांगितली होती?"

पन्नाशीच्या आयुष्यात समोरच्याने एवढ्या थोड्या शब्दांत माझं तोंड कधी बंद केलं नव्हतं. मी पाणीही न पिता उठलो.

काही महिन्यांनी दोषारोपपत्राची नक्कल मिळाली. वकीलबाईंनी टेबलावर पानं पसरली आणि एकेक दाखवत गेल्या. पंचनामा. तलवारीचा फोटो. लोहाराचा जबाब, "सदर इसमाने धार लावण्यास सांगितले." तो खरं बोलला होता, त्याच्यावर माझा राग नाही. आणि मग पाच विश्वस्तांचे पाच जबाब, सगळे एकाच साच्यातले. "आमच्या देवस्थानात तलवार नाही व पूर्वीही नव्हती. सदर इसमास आम्ही कोणतेही काम सांगितले नव्हते." खाली सह्या. काकांची सही मी ओळखतो, शेवटच्या अक्षराला ते लांब शेपूट काढतात.

"धार नसती तर?" मी विचारलं.

"तर पूजेची वस्तू, हत्यार नाही, असा मुद्दा तरी जोरात मांडता आला असता. आता पातं लांब, धार ताजी, मनाई आदेश चालू आणि धार तुम्ही लावून घेतलेली."

"शिक्षा?"

"दोष सिद्ध झाला तर कमीत कमी एक वर्ष. तीनपर्यंत जाऊ शकते."

मी म्हटलं, "मग यातून काढायचं काय ते बोला. सरकारी वकिलांशी बोलता येत नाय का? थोडं तुम्ही सोडा, थोडं आम्ही सोडतो?"

त्या पहिल्यांदा हसल्या, पण चिडवण्यासाठी नाही. "तुमच्याकडे सोडायला काय आहे?"

खरंच काही नव्हतं. समोरच्याला हवं असलेलं काहीच माझ्याकडे नाही, असा सौदा मी आयुष्यात कधी केला नव्हता.

त्यांनी मग ती गोष्ट सांगितली जी मला आजही झोपू देत नाही. ते पाचही जण सरकार पक्षाचे साक्षीदार आहेत. खटला चालला की त्यांना शपथेवर पिंजऱ्यात यावं लागेल. "पोलिसांसमोरचा जबाब शपथेवरचा नसतो. कोर्टात त्यांच्यापैकी एकाने जरी खरं सांगितलं, की तलवार देवळाची, दुरुस्तीला आम्हीच दिली, तर माझ्या हातात काहीतरी येईल. पाचही जण तेच बोलले तर कठीण आहे."

"मग मी आजच जाऊन त्यांच्याशी..."

"नाही." बाईंनी बोट वर केलं. "अट वाचली होती ना मी? ते साक्षीदार आहेत. त्यांना भेटायचं नाही, फोन नाही, निरोपही नाही. एकाने जरी तक्रार केली की आरोपी दबाव आणतोय, तर जामीन रद्द होईल."

"म्हणजे माझ्याच गावात, माझ्या शेजाऱ्याशी बोलायचं नाय?"

"या विषयावर तर अजिबात नाही."

मला जे येतं ते फक्त बोलणं. तेच बंद झालं.

तरी एक जण स्वतःहून आला. शिमग्यात तलवार धरणारा मानकरी, त्याचं नाव साक्षीदारांत नाही. मी वालाच्या शेतात शेंगा तोडत होतो, तो बांधावर उभा राहिला. माझ्याकडे न बघता बोलला, "माझ्या आज्याच्या हातात होती ती. बापाच्या पण. मी कोर्टात सांगू शकतो."

"मग सांग."

"सांगितलं तर पुढल्या साली माझ्या घराला खांदा नाय. पोराचं लग्न हाय. गावकी जेवायला येणार नाय." तो जायला वळला. "तुला नुसतं सांगायला आलो, की मला माहिती हाय."

"मला पण माहिती हाय. त्याचा उपयोग काय?" मी ओरडलो. तो निघून गेला. ओरडायला नको होतं. पण मी ओरडलो नसतो तरी काही बदललं नसतं.

कंपनीच्या गेटवर काय झालं ते थोडक्यात सांगतो. ठेकेदाराचा गेटपास दर वर्षी नवीन होतो. त्याला पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. माझ्या दाखल्यावर गुन्हा प्रलंबित असल्याची नोंद आली. पर्सोनेलच्या साहेबांनी मला बसवलं, चांगले बोलले. "शेठ, काम तुमचंच राहील. माणसं आत येतील. तुम्ही मात्र निकाल लागेपर्यंत बाहेर." ज्या टाक्यांवर मी लटकलो त्यांना आता मी कुंपणाबाहेरून बघतो. सकाळी माझी माणसं कार्ड दाखवून आत जातात आणि मी गेटसमोरच्या झाडाखाली मोबाइलवर त्यांना विचारतो, प्रायमर सुकला का, दुसरा हात कधी मारताय. वॉचमन मला "बसा ना शेठ" म्हणून स्टूल देतो. त्या स्टुलावर बसायचा मला इतका राग येतो की मी उभाच राहतो. शिक्षा झाली तर हेही जाईल. नाव काळ्या यादीत गेलं की दुसरी कंपनीही दारात उभं करणार नाही.

तारखा होत राहिल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी सरकारी वकील दुसऱ्या खटल्यात. मी सकाळी गावाहून निघतो, पेणला कोर्टाच्या व्हरांड्यात बसतो. शिपाई पुकारा करतो, मी आत जातो, पुढची तारीख घेऊन बाहेर येतो. दोष कोणाचा म्हणावा तर कोणाचाच दिसत नाही. तिथे बसलेल्या प्रत्येकाची हकिगत मोठी आहे आणि प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात.

या वर्षीच्या शिमग्यात पालखी माझ्या दारात आली. उपऱ्याचं घर असलं तरी पालखी प्रत्येक दारात येतेच. बायकोने अंगण सारवलं होतं, ओटी भरायची तयारी केली होती. पालखीपुढे तो मानकरी होता. त्याच्या हातात लाकडाची तलवार होती, चंदेरी रंग दिलेली. रंग नीट बसला नव्हता, पात्यावर ओघळ आले होते. असं काम मी कुठल्याही मजुराला परत करायला लावलं असतं.

काका पालखीबरोबर होते. माझ्या अंगणात, माझ्यापासून हातभर अंतरावर. ढोल वाजत होते. मला एकच प्रश्न विचारायचा होता. ओठांवर आला होता. वकीलबाईंचं बोट डोळ्यासमोर होतं. बायकोने मागून माझा सदरा धरून ठेवला होता. काकांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि म्हणाले, "सुखी राहा." मी खाली वाकलो. सवयीने वाकलो. पालखी पुढच्या दारात गेली आणि मी तिथेच उभा राहिलो. गुलाल पुसायचीही हिंमत झाली नाही, कारण चार माणसं बघत होती आणि उद्या कोणी काय जबाब देईल सांगता येत नाही.

गेल्या तारखेला आरोप वाचून दाखवले. न्यायाधीश बाईंनी मराठीत, सावकाश वाचलं. शेवटी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" मी म्हटलं, "नाही." त्या एका शब्दासाठी मी दोन वर्षं थांबलो होतो आणि तो असा बाहेर पडला जणू कोणीतरी पाणी हवं का म्हणून विचारलं होतं. त्यांनी लिहून घेतलं. साक्षीदारांना समन्स काढायचा हुकूम झाला. पहिलं समन्स काकांच्या नावाचं आहे.

वकीलबाई म्हणतात, लिहूसुद्धा नका. म्हणून मी कोणाचं नाव लिहिलेलं नाही, गावाचंही नाही. कोणाला धमकी देत नाही. खोटं बोला असं सांगत नाही, माझ्या बाजूने बोला असंही सांगत नाही. धार मी लावून घेतली हे मी स्वतः कबूल करतोय, ते विचारलं तर तेही सांगा.

पण काका, त्या दिवशी तुमच्या नावाचा पुकारा होईल. तुम्ही टोपी नीट करून पिंजऱ्यात याल. तुम्हाला शपथ देतील, ज्या देवीपुढे तुम्ही रोज दिवा लावता तिचीच आठवण तेव्हा तुम्हाला होईल. सरकारी वकील मुद्देमाल उघडायला सांगतील आणि तलवार तुमच्यासमोर टेबलावर ठेवतील. मी चार हातांवर उभा असेन, गप्प. तेव्हा तुम्ही उत्तर द्यायचं आहे, मला नाही, कोर्टाला. ही तलवार कोणाची, आणि ती या माणसाच्या हातात कोणी दिली? सांगा.